मागच्या खोलीतलं मशीन सुनेला

शाळेत कविता म्हणताना गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका धरायचे आणि बजावायचे, रेटू नका, रेंगाळूही नका. ती टकटक अजून कानात आहे, म्हणून सुरुवात तिथून. मी, निवृत्त ड्राफ्ट्समन, उद्या ऑपरेशनला जाण्याआधी, डोकं ताळ्यावर असताना आणि कुणी हात धरून लिहवून घेत नसताना, माझ्यामागे काय कुणाचं ते या मृत्युपत्रात लिहून ठेवतो.

१. राहतं घर मुलगा आणि सून यांना निम्मं निम्मं. बँकेतली शिल्लक मुलाला.

२. हातकरवत, रंधे, पटाशा मेहुण्याला. माझ्या मशीनला त्याने चारचौघांत 'गोगलगाय' म्हटलं होतं. आता हाताने फळी कापून बघावी.

३. मागच्या खोलीतलं, मी घरीच जुळवलेलं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कापणारं मशीन, एकट्या सुनेला. कारणही लिहितो, नाहीतर मुलगा म्हणेल म्हाताऱ्याला चळ लागला. त्याला ती खोली भाड्याने द्यायची आहे. "बाबा, ते धूड काढू या ना," हे त्याचं पालुपद.

मी मशीन जपून चालवायचो, त्याचं बिट, म्हणजे गरगर फिरून लाकूड कापणारं पातं, अगदी हळू पुढे सरकवायचो. कवितेची एक ओळ फळीवर कोरायला अख्खी दुपार जायची, वर अक्षरांच्या कडा करपायच्या. मोठी मोटर आणायच्या बेतात होतो. सून शिवणकाम करते. तिने खाली पडलेला भुसा चिमटीत घेतला.

"बाबा, हे तर पीठ पडतंय. बिट कापत नाहीये, नुसतं घासतंय. कापड पुढे सरकलं नाही की सुई एकाच जागी टोचत बसते, तसं."

तिने बिटचं फिरणं कमी केलं आणि पुढे सरकणं तिप्पट. मशीन थरथरायला लागलं. मग आम्ही त्याच्या आडव्या तुळईला जुन्या पलंगाची लोखंडी पट्टी आवळली. थरथर थांबली, पिठाऐवजी जाड कीस उडू लागला आणि चहा निवायच्या आत ओळ कोरून झाली. पाठ असलेल्या सगळ्या कविता या जन्मात मावतील, असं त्या दिवशी प्रथमच वाटलं.

४. मशीन विकू नये, सुटं करू नये. पट्टी पलंगाच्या, माझी बायको झोपायची त्या बाजूची आहे.

ठिकाण : मागची खोली.
तारीख : ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची, रविवार.
सही : केली.
साक्षीदार पहिले : वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. सही करून चष्मा इथेच विसरले.
साक्षीदार दुसरे : कोपऱ्यावरचा दुकानदार येतो म्हणाला, आला नाही. दोन सह्यांशिवाय हा कागद रद्दी.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात भंगारवाला, खांद्यावर दोरखंड, हातात वजनकाटा.

"काका, तुमच्या मुलाने पाठवलंय. लोखंडी मशीन न्यायचंय म्हणे."

त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि सही येते का विचारलं.

"येते की," तो म्हणाला. "कुठं करू?"