माळ्यावरच्या बाहुल्या

वेलचेरी,
वादळानंतरचा नववा दिवस

जयंतीवन्संना,

नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण आज मन होत नाही.

वीज काल आली. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची रेघ आहे, गाद्या गच्चीवर वाळतायत आणि तुमच्या आई अजून वरच्या शेजाऱ्यांकडेच झोपतात.

पाणी घरात शिरायला लागलं तेव्हा मी विचारलं होतं, आईंना रिक्षाने तुमच्याकडे पेरुंगुडीला आणू का? "लिफ्ट बंद आहे गं, आई नऊ मजले कशी चढणार?" म्हणालात. लिफ्ट जनरेटरवर चालू होती, हे तुमच्याच लेकीने, कीर्तनाने, नंतर सांगितलं.

चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. पहिला प्रश्न, "कोलूच्या बाहुल्या वाचल्या ना?" नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या, तुमच्या आजीच्या मातीच्या बाहुल्या. मी म्हटलं, सगळ्यांचा चिखल झाला. तुम्ही हुंदके देऊन रडलात. आईंची चौकशी त्यात राहूनच गेली.

वन्सं, माझा फ्रिज पाण्यात सोडून ती बाहुल्यांची ट्रंक मी आधी माळ्यावर चढवली होती. एकाही बाहुलीला साधा ओरखडासुद्धा नाही.

आईंना मात्र सांगितलंय, वन्सं तुमचीच चौकशी करत होत्या. तेव्हापासून त्या खूश आहेत.

हे पत्र मी टाकणार नाही. नवरात्राला दहा महिने आहेत, मी थांबेन. हळदीकुंकवाला नक्की या. समोर पायऱ्यांवर सगळ्या बाहुल्या असतील आणि शेजारी खुर्चीत आई. आधी कुणाकडे धावता, ते मी बघेन.

आईही बघतील.

तुमच्या भावाची बायको,
सुनंदा