आमरस की आश्रम

सुवर्णा,

मी लेकीकडे सातपूरला चाललोय, शोधाशोध करू नका. दूध तापवून ठेवलंय. लिहूनच ठेवतोय, कारण या घरात हल्ली माझ्याशी कोणी धड बोलत नाही. नुसती कुजबुज. मी खोलीत आलो की आणखीच बारीक आवाजात.

रविवारी तू महेशला म्हणालीस, "अण्णांना आश्रमात ठेवू." मी या कानांनी ऐकलं. तो म्हणतो, तू "अण्णांना आमरस ठेवू" म्हणालीस. बरं जुळवलंत! माझा मुलगा, पण तुझीच री ओढतो. आणि तो डॉक्टरही तुमच्यातलाच. म्हणे, "वेडबिड काही नाही, ऐकू कमी आलं की माणूस संशयी होतो, कानाला मशीन लावा." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाईनशेजारी नोकरी केली मी. तिथे मला प्रत्येकाचं बरोबर कळायचं, कारण तिथे माणसं तोंड उघडून बोलायची.

कुकरची शिट्टी तुम्ही बदललीत, दारावरची बेल बारीक केलीत, हे मला कळत नाही असं समजू नका.

पण आज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर दोन चिमण्या भांडत होत्या. अगदी हाताच्या अंतरावर. चोची उघडत होत्या, पंख आपटत होत्या, आणि आवाज काहीच नाही. चहा गार होईपर्यंत मी बघत बसलो.

त्यांना तुम्ही कसं गप्प केलंत, तेवढं मला सांग. सांगता येत नसेल, तर त्या डॉक्टरची वेळ घे.

अण्णा