वाटीभर दूध

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे! करंजाड्याच्या नव्या घरात मी, कुमार आणि आमची पाच दिवसांची चिऊ. बारसं व्हायचंय, तोवर चिऊच. बिल्डिंग इतकी नवी की लिफ्टच्या आरशावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. पहिल्या मजल्यावर चार फ्लॅट, राहणारे आम्हीच. शेजारणींच्या चौकशा नाहीत, म्हणजे सुखच. दारात ओवाळायला कुमारला निरांजन सापडेना, शेवटी त्याने मोबाइलचा टॉर्च ओवाळला. इतकं हसले की टाके दुखले.

बाळंतपण खरं तर माहेरी, नाशिकला व्हायचं होतं. पण आई पडली, मांडीचं हाड मोडलं, बेत राहिला. हॉस्पिटलच्या सिस्टरने सगळं शिकवलंय. बाळाने मोठा आ केला की मगच छातीला लावायचं. चुकीचं लागलं तर ओढायचं नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालायची, सुटतं. कधी पाजलं ते लिहून ठेव म्हणाली. मी बाकीचंही लिहिणार आहे. दिवसभर बोलायला दुसरं आहे कोण?

६ नोव्हेंबर
आईपण म्हणजे आनंदसोहळा असं लिहिणाऱ्या बाईला कुणीतरी माझ्यापुढे आणा. भेगा पडल्यात. चिऊ तोंड लावते तेव्हा मी डोळे मिटून ओठ चावते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. माझ्या आडात चिक्कार आहे, छाती दगडासारखी झालीय, पोहऱ्यातच येत नाही. चिऊ दोन घोट ओढते, दमते आणि रडते. मग मीही रडते.

कुमार न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात. सकाळी जातो तो रात्री जेवणाच्या वेळेला उगवतो. आई फोनवरून हळिवाचे लाडू खा सांगते. करणार कोण? चिऊचं वजन घटलंय. सोमवारी पुन्हा दाखवायचंय. मला भीती वाटते आणि ती सांगायलाही कुणी नाही.

८ नोव्हेंबर
आज देवच भेटला. ठमाबाई. वॉचमनने पाठवलेल्या मालीशवाल्या. वय साठीचं, अंगाला तेलाचा वास, हात खरखरीत पण मायेचे. चिऊला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. मग गरम फडक्याने माझी छाती शेकली आणि दाटलेलं दूध हलक्या हाताने पिळून काढलं. आठवड्यात पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

वाटीभर दूध निघालं. चिऊने चमच्याने घेतलंच नाही, म्हणून मी ते सिंकमध्ये ओतणार तर त्यांनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "बाय, आईचं दूध मोरीत नाय टाकायचं. झाडाच्या मुलाशी घालायचं. द्या, आमी घालतो." पदराखाली झाकून घेऊन गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भिंतीपलीकडचं करंजाचं झाड दिसतं. त्याच्या मुळाशी त्यांनी वाटी रिकामी केली आणि मग बराच वेळ मातीवर हात ठेवून बसून राहिल्या.

१० नोव्हेंबर
वजन वाढलेलं नाही. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू करायला सांगितलं. चिऊ ते ओकून टाकते. शनिवारपर्यंत फरक पडला नाही तर ॲडमिट.

मला कळत नाही. ठमाबाई रोज वाटी भरून नेतात, म्हणजे दूध आहे. चिऊने तोंड लावलं की आटतं. आज दुपारी ती गाढ झोपली होती आणि बाहेर कुठेतरी बाळ रडलं. बारीक, बसलेल्या आवाजात. त्या आवाजासरशी मला पान्हा फुटला. ब्लाउज चिंब झाला. खिडकीतून पाहिलं. करंजाखाली कुणीच नव्हतं.

१२ नोव्हेंबर
ठमाबाईंना विचारलं, या बिल्डिंगमध्ये आणखी कुणाचं बाळ आहे का. त्यांचा हात माझ्या पाठीवर थांबला. मग सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता.

त्यांचा पहिला मुलगा. यांना दूधच आलं नाही. नवरा होडीवर, घरात दुसरी बाई नाही. दहाव्या दिवशी गेला. लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात, वर दूध ओततात. ओतायलाही यांच्याकडे थेंब नव्हता. तेव्हा इथे शेत होतं आणि बांधावर करंज. तेव्हापासून ज्या बाळंतिणीची मालीश करतात तिच्याकडून एक वाटी. "उपाशी गेला वो माझा. तुमचं त्याला लय गोड लागतं. आता वाटीत भागत नाय."

मला आधी त्यांची दया आली, हे खरं सांगते. किती वर्षं ही बाई एकटीने हे करत असेल. मग मी उठून चिऊला घट्ट धरलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. रिकामी वाटी पदराखाली घेऊन त्या गेल्या. दारात एवढंच म्हणाल्या की आता त्याला मी काय सांगू.

१३ नोव्हेंबर
ठमाबाई आल्या नाहीत. झाडाला काही घातलं नाही.

दुपारी रडणं भिंतीपलीकडून नव्हतं. खाली पार्किंगमध्ये होतं. चिऊ छातीला होती, पण पान्हा तिच्यासाठी नाही फुटला. रडणं सुरू झालं तेव्हा फुटला. ती घाबरून ठसकली आणि तिने तोंड फिरवलं.

कुमार म्हणाला, झोप नाही म्हणून असं वाटतं, सगळ्यांनाच होतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला रे?

१४ नोव्हेंबर
जिन्यात होतं आज. मग दाराशी. दाराबाहेर काहीतरी खरवडत होतं, अगदी खाली, फरशीजवळ. मी दाराला पाठ लावून बसले. दूध मांडीवर ठिबकत होतं. चिऊचे ओठ कोरडे आणि माझं दूध फरशीवर —

कुमारला फोन केला. रडले, ओरडले. उद्या अर्धा दिवस टाकून येतो, डॉक्टरांना दाखवू आणि तिथूनच नाशिकला जाऊ म्हणाला. फक्त उद्याची दुपार.

उंबऱ्याच्या आत थोडी माती आहे. मी मघाशीच झाडली होती.

१५ नोव्हेंबर
बॅग भरली. कुमार निघालाय. बाहेर एकदम शांत.

खुर्चीतच डोळा लागला होता. जागी झाले तर पदराखाली पिणं चालू होतं! झोपेतच पाळण्यातून उचललं असणार. एका हाताने लिहितेय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. नीट लागलंय. दुखत नाहीये. सिस्टरने सांगितलं होतं तसं, मोठा आ करून, घोट घोट. इतके दिवस याचसाठी रडले. पी गं माझे राणी, पोटभर पी. आता वजन वाढेल, ॲडमिट नको, काही नको —

पाळणा हलला.

चिऊ रडतेय. पाळण्यातून.

पदर उचलायचा नाही. आधी सोडवायचं. ओढायचं नाही, करंगळी —

करंगळीला माती. ओली. सुटत नाहीये. त्याच्या हाताची पकड —

चिऊचा आवाज बारीक होतोय. उठताच येत नाही. पान्हा थांबत नाही. कुमार, आधी तिला घे, माझ्याकडे बघू नको, आधी ति —