नवा दगड

गव्हाण (ता. पनवेल),
१३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कीर्ती हिस अनेक आशीर्वाद.

यातला 'शी' दीर्घ आहे, नीट बघून घे. भाऊबीजेला तू मोबाइलवर 'आशिर्वाद असू दे' लिहिलंस. ऱ्हस्व आशीर्वाद मजजवळ शिल्लक नव्हते, म्हणून उत्तर खोळंबलं. सख्ख्या बहिणीने असं केल्यावर संस्कृतच्या मास्तराने कुठल्या तोंडाने वर्गावर जावं?

इकडे ठीक. आईचा गुडघा थकलाय, जीभ नाही.

आपल्या शेतामागच्या टेकाडाला कुंपण पडलं, हे तुला ठाऊक आहेच. आता फलकही लागलाय: 'नवाश्मयुगीन दफनस्थळ. संरक्षित.' आईने अर्थ विचारला. मी सवयीने फोड करून दिली. नव म्हणजे नवा, अश्म म्हणजे दगड.

"नवा दगड? मंग त माजाच," आई म्हणाली. "बरा झाला. सरकारनी लेकीला कुंपान घातला."

तुझ्यामाझ्या आधीची ती. बारशाआधीच गेली. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, म्हणून बाबांनी तिला टेकाडाच्या पायथ्याशी पुरलं, आणि आईने वर खाडीतला काळा दगड ठेवला. घरात तिचं नाव कधी निघालं नाही, कारण नावच नव्हतं.

मी आईचा अर्थ दुरुस्त केला नाही. माझ्यापेक्षा तोच बरा वाटला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी जाळीपाशी बसून येते, आणि चक्क पोटभर जेवते.

महिनाअखेर तिथे उत्खनन सुरू होतंय. खणायच्या जागी दोऱ्या ताणल्यात, त्यातली एक थेट आईच्या दगडावरून जाते. मी पुरातत्त्व खात्याच्या वसुंधराबाईंना सगळं सांगितलं. भली मुलगी. तिने नकाशा काढून पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "मी स्वतःच्या हाताने काढीन, सर. पण काढावं लागेल."

फोनवर हे बोलता येत नाही, आई शेजारीच असते. काल विचारत होती, "कुंदन, त्या दोऱ्या कसल्या रं?"

"मोजणी चाललीय, आई."

"मोजू दे. दगड हालवू नका मनावं."

कीर्ती, चार दिवस काढून ये. शब्दांची फोड मला येते. हे आईला कसं सांगायचं, ते येत नाही. तिथे उकरलेला खड्डा दिसला तर ती पुन्हा उठायची नाही, अशी मला भीती वाटते.

तुझा दादा,
आणि त्या ताईचा धाकटा भाऊ,
कुंदन