पाइनखालच्या अळंबीचा वास

बाई, मला एक नवी अळंबी सापडली आहे. नवी म्हणजे आम्हां शहाण्यांना नवी; ती स्वतः कधीची तिथे उगवते आहे आणि आमच्यावाचून तिचं काही अडलेलं नाही. हिमालयाच्या उतारावर, पाइनच्या झाडांखाली. तांबूस टोपी, खाली पांढऱ्या पापुद्र्यांची झालर, आणि दांडा असा की वाकवला तर खडूसारखा काडकन मोडतो. जमिनीखाली तिचे धागे पाइनच्या मुळांना लपेटलेले असतात. ती झाडाला पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला साखर देतं. इतकी जुनी सहकारी सोसायटी, आणि अजून एकाही वार्षिक सभेत खुर्ची उचलली गेलेली नाही. आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगची सहल तिथे न्यायला हवी. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, पण असं काही सांगायचं झालं की मी अजून तुमच्याच टेबलापाशी येऊन उभी राहते.

वर्णनाचा लेख तयार होता. बीजाणू मोजून झाले, डीएनए तपासून झाला, चित्रं झाली. अडलं होतं एका ओळीत: 'वास', आणि पुढे रिकामी जागा. हिची एक बहीण आहे, आधीच नाव मिळालेली. दोघी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही, फरक वासात. उद्या कुणी टोपली घेऊन त्या रानात गेलं तर त्याला ही ओळखता येणार की नाही, ते त्या एका ओळीवर. आणि बाई, मला वास येत नाही. कोविडमध्ये गेला तो परत आलाच नाही. चार वर्षं मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. अळंबी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, 'हं' म्हणायचं, आणि शेजारच्याचा चेहरा बघून काय ते ठरवायचं. सासरच्या बायकांत हयात गेल्यामुळे हे तंत्र मला आधीपासूनच येत होतं.

तुमच्यापुढे ते चाललं नसतं. मुलुंडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, कुजक्या लाकडावरच्या बुरशीपुढे मी जर्नलात लिहिलं होतं, 'वास: घाण'. तुम्ही वही सगळ्यांदेखत वर धरलीत. 'घाण हा वास नाही, बाळ. ते तुझं मत आहे. आणि मत तुला कुणी विचारलेलं नाही.' वर्ग खिदळला. पुढच्या शनिवारी तुम्ही त्या खिदळणाऱ्यांसकट आम्हांला डंपिंग ग्राउंडच्या कडेला नेता, नाकावरचे रुमाल काढायला लावता आणि म्हणता, 'दहा वास लिहा. जो घाण लिहील तो चालत घरी जाईल.' पहिली पाच मिनिटं आम्ही मेलोच. मग एका भपकाऱ्याचे हळूहळू तुकडे होऊ लागतात: ओली राख, आंबलेली केळी, जळकं रबर. मोगरा पहिल्यांदा तुम्ही पकडलात. कुठल्यातरी लग्नाचे हार असणार. त्या उकिरड्यावर साडीचा पदर खोचून उभ्या असलेल्या तुम्ही, मोगरा सापडला म्हणून खूश.

आणि माझा डबा. तुम्ही चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या, म्हणून तुम्ही जवळ आलात की मी झाकण लावून टाकायचे. एकदा हात धरलात. 'थांब गं. खाणार नाही, पण हुंगू दे. काय आहे हे?' सोडे, म्हटलं, सोलून वाळवलेली कोळंबी. 'आणि परवा होतं ते?' सुकट, म्हणजे बारीक, न सोललेली. 'दोन्हींच्या वासात फरक काय?' मला सांगता येईना. 'रोज खातेस आणि सांगता येत नाही? घरी जाऊन आईकडून शीक.' आमच्या मालवणी घराण्यात मासे शिकायला पोरीला एका शाकाहारी बाईने घरी धाडलं, असं एवढं एकच उदाहरण आहे.

तर यंदा डोंगरावर वीज गेली, वाळवायचं यंत्र बंद पडलं आणि दोन्ही बहिणी अर्धवटच वाळल्या. तशाच मी त्या घरी आणून गॅलरीत उन्हात टाकल्या. बरोबरच्या विद्यार्थिनीने वहीत 'अप्रिय' लिहून सुटका करून घेतली होती. तिच्या घरी लसूणही येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. हातात तक्रारवही.

'मॅडम, बुरा नका मानू. पण सुकी मच्छी वाळवायची नाय, ठरलंय ना आपलं?'

मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. 'मच्छी? नक्की? कुठली?'

'कुठली म्हणजे?'

'म्हणजे बोंबील की कोळंबी की...'

'मॅडम, मला काय ठाऊक! घाण ती घाण!'

बाई, हा माणूस तुमच्या वर्गातून चालत घरी गेला असता.

मी 'सॉरी' म्हणून दार लावलं, दोन्ही बहिणींचे तुकडे वेगवेगळ्या पुड्यांत बांधले आणि बाजारात माझ्या नेहमीच्या कोळणीपुढे जाऊन बसले.

'हे काय आणलंस गो?'

'हुंग आणि सांग.'

तिने नवीची पुडी नाकाशी नेली. 'सोडे.'

'जुने?'

'नाय. जुन्याला खवट मारते. ह्ये दोन उन्हं लागलेले, तिसरं बाकी हाय.' मग बहिणीची पुडी. 'ह्ये सोडे नाय. चिंबोरी उकडलेलं पानी.' म्हणजे खेकड्याचं. मी पुड्या पाठीमागे अदलून-बदलून चारदा दिल्या. ती चारही वेळा तेच बोलली आणि शेवटी वैतागली. 'कुठल्या बंदराचे हायत?'

'बंदराचे नाहीत, डोंगराचे. झाडाखाली उगवतात.'

'अगो बाय! झाडाला सोडे लागले तर आमी काय इकायचं?' मग माझ्याकडे निरखून पाहत, 'तुला सोताला नाय येत वास?'

'चार वर्षं झाली.' पहिल्यांदा बोलले ते असं, पापलेटांच्या पाटीसमोर.

'मंग माजे मासे हुंगून घेतेस ते?'

'तुझं तोंड बघून घेते.'

ती इतकी हसली की शेजारणीही हसायला लागल्या. 'आता सांगत जाईन, ताजं हाय का नाय.'

'आधी का नाही सांगितलंस?'

'इचारलंस कदी?'

घरी येऊन ओळ पुरी केली: दोन दिवस उन्हात सुकवलेल्या, पुरत्या न वाळलेल्या, सोललेल्या कोळंबीसारखा वास. पुढे आणखी एक वाक्य लिहिलं, तीनदा खोडलं, आणि ठेवलं: पहिल्या लेखिकेला वास येत नाही, ही नोंद मासे विकणाऱ्या एका जाणकार स्त्रीने, नमुना कोणता ते न सांगता दिलेले तुकडे हुंगून केली आहे. विद्यार्थिनीने वाचलं. मग म्हणाली, 'मॅम, म्हणून तुम्ही नेहमी आधी माझ्याकडे बघायचात?' बाकी काही कोसळलं नाही. लेख आज सकाळी गेला.

हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. काल जिन्यात सेक्रेटरी भेटले. 'मॅडम, आता बंद ना मच्छी?' 'बंद,' म्हटलं. ती अळंबी होती हे मी त्यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. नाक गेल्यापासून मी घरात सुकं काही रांधलंच नव्हतं. माझ्या घरातून खमंग काहीतरी येतंय अशी लेखी नोंद चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी केली आहे, त्याच्या मते ती तक्रार असली तरी. ती मला खोडायची नाही.