हवं तेवढं बोला

शारजा, १३ मार्च १९९९

सौ. भागिरथीस कचरूचा मनापासून जय भीम.

मी ठणठणीत आहे. वर्कशॉप जोरात चाललंय. थोरलीचे पेपर कसे चाललेत?

मोबाईल कंपनीचा माणूस आला होता. म्हणाला, "महिन्याला ठरलेली रक्कम भरा अन् गावाकडं हवं तेवढं बोला." मी म्हटलं, "बाबा, पोटभर म्हणणारा खानावळवाला आधी वाटी लहान करतो. तुझी वाटी दाखव." तेव्हा कबूल झाला, सवलत फक्त शुक्रवारी.

मी नाहीच म्हणणार होतो. पण गेल्या वेळी फोन ठेवताना आई "जाते रे कचरू" म्हणाली. बाजाराला निघाली तरी ती जन्मभर "येते" म्हणत आली. तू म्हणशील, लाईन खराब होती. अगं, नुसत्या आवाजावरून मी मोटारीचं गेलेलं बेअरिंग सांगतो. आता मशिनच्या घरघरीतही मला तेच ऐकू येतं. आणि "आई बऱ्या आहेत" म्हणताना तूही मधेच थांबलीस.

म्हणून प्लॅन घेतला. शुक्रवारी वायर ओढून रिसीव्हर तिच्या उशाशी ठेव. तिला बोलायला लावू नकोस. मी नुसता तिचा श्वास ऐकत बसेन.

तुझाच,
कचरू