आरामखुर्चीचा सदुपयोग

ती. वन्संना,

वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तरी वाकलेय). तुमचे गुडघे काय म्हणतात? तुमचे बंधुराज सुखरूप पोचले असतील आणि पाणीसुद्धा न पिता माझी गाऱ्हाणी सांगायला बसले असतील. "माझी आरामखुर्ची घरी येईल तेव्हाच मी येईन," असं अख्ख्या शेजाराला ऐकू जाईल अशा आवाजात बजावून गेलेत. म्हटलं, माझीही बाजू तुमच्या कानावर घालावी.

सरकारनं नवं धोरण काढलंय, वन्सं. काहीही वाया घालवायचं नाही, आणि एखादी वस्तू नुसती पडून असेल तर गरज असेल तिथे हलवायची. त्यासाठी प्रत्येक कार्यालयात एक बचत अधिकारी. आमच्या पाणीपट्टीच्या कार्यालयात कोण? अहो, मीच! (दुसरं कुणी तयार झालं नाही, हा भाग वेगळा.) इतकी वर्षं खर्डेघाशी केली, पण असा मान पहिल्यांदाच मिळाला. वर्षानुवर्षं ठिबकणारा नळ मी बंद करवला. अडगळीतल्या मोडक्या खुर्च्यांचे पाय एकमेकींना लावून धडधाकट खुर्च्या उभ्या केल्या. शिपायानं तर माझी इतकी धास्ती घेतलीय, की मी आत काम करत असले तरी दिवा मालवून जातो.

एवढं करूनही बाहेर ताटकळणाऱ्या लोकांसाठी एक खुर्ची कमीच पडली. तेव्हा माझी नजर ह्यांच्या आरामखुर्चीवर गेली. खुर्ची तशी लग्नापासूनची, पण निवृत्त झाल्यापासून हे तिच्यातच पेपर वाचतात, आणि दुपारी तोच तोंडावर घेऊन घोरतात. पण फिरायला जातात तेव्हा? रिकामी! भाजी आणायला जातात तेव्हा? रिकामी! धोरणाच्या भाषेत ह्याला पडून राहणंच म्हणतात. हे फिरायला गेले आणि मी खुर्ची हातगाडीवर घालून नेली.

तासाभरात हे कार्यालयात हजर! तडक खुर्चीत जाऊन बसले ते उठेचनात. आणि नेमके त्याच दिवशी तपासणीचे मोठे साहेब आले. ह्यांना विचारतात, "काका, बसायची सोय कशी आहे?" हे म्हणाले, "उत्तम. तीस वर्षं ह्याच खुर्चीत बसतोय." साहेबांचा चेहरा पांढराफटक! त्यांना वाटलं, बिचाऱ्याचं काम तीस वर्षं रखडलंय. शेवटी हे माझे यजमान आणि खुर्ची घरची, असा सगळा उलगडा करावा लागला. साहेब मात्र असे खूश झाले म्हणता! भरल्या कार्यालयात माझं कौतुक केलं आणि बचतीत आमच्या कार्यालयाचा पहिला नंबर जाहीर केला. फोटोसुद्धा काढला. त्यात मी आहे, साहेब आहेत, आणि खुर्चीत तोंड फुगवून हे आहेत.

तेव्हा ह्यांना हवे तितके दिवस ठेवून घ्या. माझं काही अडलेलं नाही.

तुमची भावजय
(बचत अधिकारी, पहिला नंबर)

ता. क. खुर्ची परत मिळणं कठीण आहे. तिच्या पाठीवर सरकारी आकडा रंगवून झालाय. आता तिच्या जागी दुसरी ठेवल्याशिवाय ती हलवता येत नाही, आणि दुसरी मी कुठून आणू?

आणखी एक. पत्र टाकायचं राहून चार दिवस झाले. वरचं ता. क. खोडलं असं समजा. माझी स्वतःची खुर्ची बाहेर लोकांना दिली, मी स्टुलावर बसते, आणि आरामखुर्ची घरी आणलीय. वन्सं, रोज सकाळी हात आपोआप दोन कपांचं आधण ठेवतो हो. एक मी पिते, दुसरा मोरीत ओतते. बचत अधिकाऱ्याच्या घरात रोज भरलेला कप वाया! ह्यांना आजच्या आज पाठवून द्या.